इस्त्रीच्या आकाराची इमारत आणि आडवं शहर

न्यूयॉर्कमधल्या एका बावीस मजली इमारतीचं चित्र गेली सव्वाशे वर्षं जगभरच्या भिंतींवर झळकतंय. पण तेच चित्र चंदिगडच्या सेक्टर ४३मधल्या एखाद्या घरात टांगलं, की त्याचा अर्थ बदलतो. कारण गगनचुंबी इमारतींचं स्वप्न पाहणाऱ्या माणसानेच हे शहर आखलं आणि ते मात्र जमिनीलगत ठेवलं!

फ्रेमवाल्याच्या दुकानात कधी पाच मिनिटं निवांत उभं राहून पाहा. एका बाजूला गणपती, दत्त, साईबाबा. दुसरीकडे उधळलेले सात पांढरे घोडे, धबधबा, टरबूज खाणारं गुबगुबीत बाळ. आणि त्यांच्याच रांगेत एक काळं-पांढरं चित्र. ओला रस्ता, घोडागाड्या, पानं गळालेलं झाड आणि मागे धुक्यातून जहाजासारखी पुढे आलेली एक निमुळती, उंच इमारत. नवा फ्लॅट घेतलेली तरुण जोडपी हे चित्र हौसेने घरी नेतात. सोफ्याच्या मागे लावतात. इमारत कोणती, कुठली, कधीची, हे विचारणारे थोडेच. 'फॉरेनची आहे', एवढं पुरतं.

ती आहे न्यूयॉर्कची 'फ्लॅटआयर्न बिल्डिंग'. फ्लॅटआयर्न म्हणजे कपड्यांची इस्त्री. ब्रॉडवे हा रस्ता फिफ्थ अॅव्हेन्यूला तिरका छेदतो, तिथे जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा उरला होता. आपल्याकडे अशा तुकड्यावर पानाची टपरी किंवा पुतळा उभा राहतो. शिकागोचा वास्तुतज्ज्ञ डॅनियल बर्नहॅम याने तिथे २८५ फूट उंचीची इमारत उभी केली. १९०२ साली ती पूर्ण झाली. तिचं टोक किती रुंद? जेमतेम साडेसहा फूट! आपल्याकडच्या सर्वसाधारण पलंगाच्या लांबीइतकं. बांधणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाच्या स्मरणार्थ तिचं नाव 'फुलर बिल्डिंग' ठेवण्यात आलं होतं. लोकांनी ते मनावरच घेतलं नाही. त्या त्रिकोणी जागेला आधीपासून 'इस्त्री' म्हणत, तेच नाव इमारतीला चिकटलं. नामकरणाचे समारंभ करूनही जुनी नावं सोडायला तयार नसलेल्या मुंबई-पुणेकरांना याचं नवल वाटू नये.

जुन्या पद्धतीत इमारतीचं वजन भिंती पेलत असत. जितके मजले जास्त, तितकी तळाची भिंत जाड. फ्लॅटआयर्नमध्ये वजन पेललं ते पोलादाच्या सांगाड्याने. बाहेरचा दगड आणि भाजलेल्या मातीची नक्षी म्हणजे त्या हाडांवर चढवलेली कातडी. सांगाडा उभा राहू लागला तसा आठवड्याला एकेक मजला चढला. वर जायला लिफ्ट होतीच. ती नसती तर बाविसाव्या मजल्यावरच्या जागेला भाडं कोणी दिलं असतं?

लोकांचा मात्र विश्वास बसेना. एवढी सडपातळ इमारत वाऱ्याने कोसळणार, अशी अनेकांची खात्री होती. पडली तर दगड-विटा कुठवर जातील, यावर पैजा लागल्या. ती पडली नाही, पण वाऱ्याने गंमत केलीच. तिरक्या भिंतींवर आपटून खाली येणारा झोत तेविसाव्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांचे पायघोळ झगे उडवायचा आणि ते पाहायला टवाळ पोरांची गर्दी जमायची. त्यांना पांगवायला पोलिसांना यावं लागे.

या इमारतीला भिंतीवरचं चित्र बनवलं दोन छायाचित्रकारांनी. पहिला आल्फ्रेड स्टिगलिट्झ. १९०२-०३च्या हिवाळ्यात, बर्फ पडत असताना त्याने समोरच्या बागेतून तिचा फोटो घेतला. पुढे झाडाचं काळं दुबेळकं आणि मागे फिकट, जवळजवळ वजनच नसलेली इमारत. स्टिगलिट्झच्या वडिलांना ही इमारत साफ कुरूप वाटे. असलं काय टिपत बसलास, असं त्यांनी मुलाला विचारल्याचं सांगतात. मुलाला मात्र तिच्यात घडत असलेली नवी अमेरिका दिसत होती. १९०३च्या ऑक्टोबरमध्ये 'कॅमेरा वर्क' या आपल्या नियतकालिकात त्याने हे चित्र छापलं. त्या छपाईसाठी छायाचित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरत, त्या खाचांत शाई भरत आणि मग पातळ कागदावर दाबून प्रत उठवत.

दुसरा एडवर्ड स्टायकन. त्याने १९०४ साली संध्याकाळच्या पावसात तीच इमारत टिपली. समोर उंच टोप्या घातलेले गाडीवान, रस्त्यावर दिव्यांचं चमचमतं पाणी. स्टायकन मुळात चित्रकार. त्याने प्लॅटिनमच्या क्षारावर उठवलेल्या प्रतीवर रंग मिसळलेल्या डिंकाचे थर हाताने चढवले. त्यामुळे एकाच निगेटिव्हच्या प्रती एकमेकींसारख्या नाहीत. एकीत निळी-हिरवी सांज उतरते, दुसरीत तपकिरी. जपानी ठशांच्या चित्रांचा प्रभाव त्यात स्पष्ट दिसतो. यातल्या तीन प्रती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

त्याच सुमाराला आपल्याकडेही भिंती भरू लागल्या होत्या. राजा रविवर्मा यांनी १८९४मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. देवघरात मूर्ती ठेवायची ऐपत नसलेल्यांच्या भिंतीवर देव आला, तो या कागदावरून. न्यूयॉर्ककरांनी त्याच वर्षांत आपल्या इमारतींची चित्रं आणि पोस्टकार्डं छापून जगभर पाठवली. एका कागदावर लक्ष्मी कमळात उभी, दुसऱ्यावर ती बावीस मजल्यांत राहायला गेलेली, एवढाच फरक म्हणा हवं तर!

आता या चित्राच्या किमतीचा किस्सा. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टायकनच्या 'फ्लॅटआयर्न'ची एक प्रत लिलावात निघाली. 'मायक्रोसॉफ्ट'चे सहसंस्थापक पॉल अॅलन यांच्या संग्रहातली. ती गेली १ कोटी १८ लाख ४० हजार डॉलरला. त्या वेळच्या दराने ९५ कोटी रुपयांहून अधिक. दीड फूट उंचीच्या कागदाला! आणि ज्या इमारतीचं ते चित्र, ती तेव्हा रिकामी पडली होती. २०१९मध्ये तिच्यातली प्रकाशन संस्था बाहेर पडली, मग मालकांमध्ये भांडण जुंपलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३च्या मार्चमध्ये खुद्द इमारतीचाच लिलाव झाला. १९ कोटी डॉलरची बोली लावणाऱ्याने अनामत रक्कमच भरली नाही. मे महिन्यात पुन्हा लिलाव करावा लागला, तेव्हा ती १६ कोटी १० लाख डॉलरला गेली. आता तिथे कचेऱ्यांच्या जागी राहती घरं करायचं ठरलं आहे. भाऊबंदकी, कोर्ट, लिलाव आणि शेवटी फ्लॅट. एखाद्या वाड्याची गोष्ट वाटावी, इतकी ओळखीची.

साठ मजल्यांचं स्वप्न

फ्लॅटआयर्न उभी राहिली तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या एका घड्याळांच्या गावात एक मुलगा पंधरा वर्षांचा होता. पुढे जग त्याला ल कार्बुझिए म्हणून ओळखू लागलं. अमेरिकेचे मनोरे त्याने आधी पाहिले ते सगळ्या युरोपने पाहिले तसेच, म्हणजे छापील कागदावर. त्या कागदावरून त्याच्या मनात जे उगवलं, ते अमेरिकेलाही झेपलं नसतं. १९२२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने तीस लाख वस्तीच्या शहराचा आराखडा मांडला. मधोमध काचेचे चोवीस मनोरे, प्रत्येक साठ मजली. तीन वर्षांनी त्याने सुचवलं, की पॅरिसचा जुना मध्यभाग पाडावा आणि तिथे असे अठरा मनोरे उभारावेत. पॅरिसकरांनी ते मनावर घेतलं नाही, हे त्यांचं नशीब!

१९३५मध्ये तो पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेला. पत्रकारांनी विचारलं, आमच्या गगनचुंबी इमारती कशा वाटल्या? तो म्हणाला, फार लहान आहेत! वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. त्याचं म्हणणं असं, की इमारती आणखी मोठ्या हव्यात, पण संख्येने कमी. एकमेकींपासून दूर, मध्ये झाडं आणि ऊन. न्यूयॉर्कमध्ये त्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि खालचा रस्ता दिवसाही सावलीत होता.

आणि याच माणसाच्या हातात पंधरा वर्षांनी एक अख्खं शहर आलं. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी जागा निवडली गेली. पहिला आराखडा अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोव्हित्स्की यांचा. नोव्हित्स्की १९५०च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमध्ये विमान अपघातात गेले. मग पंजाबचे अधिकारी पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नवा माणूस शोधत युरोपला गेले आणि कार्बुझिएपाशी पोहोचले. १९५१च्या फेब्रुवारीत तो इथे आला. मेयर यांचा पंख्यासारखा पसरलेला आराखडा त्याने काटकोनात बसवला, तोही अवघ्या काही दिवसांत.

आता साठ मजली मनोरे उभे राहणार, असं कुणालाही वाटलं असतं. झालं भलतंच. पोलाद महाग आणि दुर्मीळ, खजिन्यात खडखडाट, दारात निर्वासितांची रांग. पंजाबी माणूस उन्हाळ्यात अंगणात नाही तर गच्चीवर खाट टाकून झोपणारा. विसाव्या मजल्यावर त्याची खाट कुठे मांडायची? म्हणून घरं विटांची झाली, बसकी झाली. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्र्यू आणि कार्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे यांनी शिपायापासून मंत्र्यापर्यंत दर्जावार सरकारी घरं आखली. कार्बुझिएने स्वतः डोक्याकडचा भाग घेतला. तिथलं त्याचं सचिवालय पाहाच. लांबी २५४ मीटर, उंची ४२ मीटर. न्यूयॉर्कची एखादी गगनचुंबी इमारत उचलून आडवी निजवावी तसं ते दिसतं. मागे टेकड्यांची रेघ आहे, तिच्यापुढे कुणी मान उंच करायची नाही, असा त्या शहराचा रिवाज पडला.

या कामात हाताखाली भारतीय वास्तुतज्ज्ञांची तरुण फळी होती. एम. एन. शर्मा, युली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा ही नावं चंदिगडच्या इतिहासात येतात. त्याच यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे अशी आपल्या ओळखीची आडनावंही आहेत. कार्बुझिएच्या नावाखाली ही मंडळी झाकली गेली. महाराष्ट्रात तरी प्रभावळकर-देठ्यांची आठवण निघायला हवी होती. ती फारशी निघत नाही.

सेक्टर ४३ची भिंत

चंदिगडचे पहिले तीस सेक्टर दीड लाख माणसांसाठी आखले होते. त्यानंतर दुसरा टप्पा, सेक्टर ३१ ते ४७, साडेतीन लाखांसाठी. सेक्टर ४३ या दुसऱ्या टप्प्यातला. इथे जास्त माणसं वसवायची हे आधीच ठरलेलं, त्यामुळे पहिल्या तीस सेक्टरांची ऐसपैस श्रीमंती इथे नाही. हिमाचलकडे, पंजाबकडे जाणाऱ्या गाड्यांचं मोठं बसस्थानक इथे आहे. जिल्हा न्यायालय इथेच, न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी अकादमीही इथेच. दिवसभर वकिलांचे काळे कोट आणि प्रवाशांच्या ट्रंका. तरी राहत्या घरांकडे वळलं, की नजर झाडांच्या शेंड्यांवरून सहज पलीकडे जाते. अशा घरात फ्लॅटआयर्नचं चित्र लावणं म्हणजे शाकाहारी खानावळीत मासळीबाजाराचा देखावा टांगण्यासारखंच!

पण हा विनोद तिथल्या माणसांना हल्ली हसवत नाही. २०११च्या जनगणनेत चंदिगडची लोकसंख्या १० लाख ५५ हजार भरली. आराखडा पाच लाखांचा होता. जमीन तेवढीच, ११४ चौरस किलोमीटर. शहराभोवती बांधकाम होऊ नये म्हणून १९५२ साली कायदा करून मोकळा पट्टा राखला होता, पण १९६६मध्ये पंजाबची वाटणी झाली. एका बाजूला मोहाली वाढली, दुसऱ्या बाजूला पंचकुला. सेक्टर ४३च्या दक्षिणेला थोडं गेलं, की मोहालीची हद्द. त्या बाजूला आणि पुढे झिरकपूरला लिफ्टवाले मनोरे उभे राहिलेत. चंदिगडने ज्यांना जागा दिली नाही, ती मुलं-सुना तिथे राहतात आणि नोकरीसाठी रोज चंदिगडात येतात.

एक मनोरा तर थेट कार्बुझिएच्या पाठीशी उभा राहणार होता. सचिवालयाच्या उत्तरेला, सुखना तलावाजवळच्या कांसल गावात 'कॅमलॉट' नावाचा गृहप्रकल्प येऊ घातला होता. त्यातल्या काही इमारती पस्तीस मजल्यांच्या आसपास जाणार होत्या. ही जमीन पंजाबची, त्यामुळे चंदिगडचे नियम तिथे चालेनात. हरकत घेतली गेली ती तलाव आणि अभयारण्य यांच्या नावाने. २०१७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकल्पाची परवानगी रद्द केली आणि २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मधल्या काळात, २०१६ साली, कार्बुझिएचा कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला होता.

खरा पेच मात्र घराघरातला आहे. समजा, आजोबांनी शहर वसताना एक कनालचा प्लॉट घेतला. कनाल म्हणजे तिथल्या मापाने ५०० चौरस यार्ड. त्यावर एक घर बांधलं. तीन मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. मग एकेक मजला एकेकाला. पुढे एकाने आपला मजला विकायचं ठरवलं. बिल्डर आला, जुनं घर पाडून तीन मजले, तीन फ्लॅट, तीन कुटुंबं आणि दारात सहा मोटारी. कागदावर फ्लॅट म्हणायला बंदी, म्हणून घराचा 'हिस्सा' विकायचा आणि मजला ताब्यात द्यायचा. ही युक्ती इतकी रुळली, की रहिवाशांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली.

१० जानेवारी २०२३ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचं खंडपीठ. निकाल लिहिला तो अमरावतीच्या गवई यांनी. २०२५मध्ये ते सरन्यायाधीश झाले. पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३०मधल्या घरांचे असे फ्लॅट पाडता येणार नाहीत आणि तिथे तीनच मजल्यांची मर्यादा राहील, हे त्यांनी स्पष्ट केलं. बेहिशेबी वाढीने बेंगळुरूचं काय झालं, त्याचाही दाखला निकालात आहे. कार्बुझिएच्या वारशाला मिळालेलं हे मोठं संरक्षण.

पण कुंपण तीस सेक्टरांना. सेक्टर ४३ कुंपणाच्या बाहेर. आता दाटी कुणाच्या दारात येणार? उत्तरेचे मोठे बंगले वारसा म्हणून जपायचे आणि वाढत्या माणसांचा भार दक्षिणेने सोसायचा, यात सौंदर्यदृष्टी किती आणि सोय किती, हे विचारायला हवं. आभाळ दिसणारं शहर कुणाला नको असतं? मात्र ते ज्यांच्याकडे आधीपासून प्लॉट आहे त्यांनाच दिसणार असेल, तर मोहालीतल्या चौदाव्या मजल्यावरच्या सुनेला दोष देता येत नाही. गिरण्यांच्या चिमण्यांच्या जागी टॉवर आलेले पाहिलेल्या मुंबईकराला ही दोन्ही दुःखं कळतील. चाळीतल्याला लिफ्टची इमारत हवी होती, आणि ती आल्यावर त्याच्या खिडकीतलं ऊन गेलं.

चंदिगडचं स्वतःचं चित्र पाहायचं असेल, तर सेक्टर १०च्या वास्तुकला संग्रहालयात मूळ आराखडे आहेत. सेक्टर १९मध्ये कार्बुझिएचं जुनं कार्यालयही जपून ठेवलंय. शिवाय शहराचा एक ठसा असा आहे, की तो भिंतीवर नाही, पायाखाली आहे. गटारांच्या ओतीव लोखंडी झाकणांवर चंदिगडचा नकाशा उठवलेला असतो. सेक्टरांचे चौकोन, त्यांतून गेलेले रस्ते, सगळं. तिथले लोक वर्षानुवर्षं त्यावरून चपला घासत गेले. मग परदेशी व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं. सरकारी कचेऱ्यांनी भंगारात काढलेल्या जानरेच्या खुर्च्या-टेबलांबरोबर ही झाकणंही युरोप-अमेरिकेच्या लिलावांत पोहोचली. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तू विकायला मनाई केली, तोवर बरंच काही समुद्रापार गेलं होतं. न्यूयॉर्कच्या इमारतीचं चित्र चंदिगडच्या दिवाणखान्यात आणि चंदिगडच्या गटाराचं झाकण परदेशातल्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात!